थोरल्याचा कीबोर्ड

माझ्या फोनवरचा कीबोर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. हातात घेतात आणि लगेच परत देतात. आकड्यांची ओळ मी कायमची वर बसवून ठेवली आहे, कारण माझा निम्मा दिवस आकड्यांतच जातो. अक्षरं एवढी मोठी केलीत की अर्धा पडदा तीच खातात. शिवाय सगळा कीबोर्ड उजव्या कडेला सरकवलेला, कारण डाव्या हातात माझ्या नेहमी कुठल्या तरी जनावराचं दावं असतं. तीच ती लांब वाक्यं रोज टाइप करायला नकोत म्हणून काही वाक्यं आधीच जोडून ठेवलीत. 'पर' एवढं उमटवलं की वर 'परवडत असलं तर बोला, न्हाईतर राम राम' हे आख्खं वाक्य हजर होतं. त्याला फक्त बोट लावायचं. दिवसभरात किती गिऱ्हाइकांना ते जातं याची गणती नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. फोन घेतला तेव्हा पडद्यावरच्या काचेच्या किमतीवरून मी दुकानदाराशी इतकी घासाघीस केली, की सेटिंग लावून द्यायच्या वेळेला तो आत निघून गेला तो आलाच नाही. मग घरी बसून मी एकेक पान उघडून बघितलं. जनावर घेताना दात, खूर, कान चाचपतो तसंच. चुकलं की संतापायचो. एकदा आपटलाही फोन. पण कीबोर्डची सेटिंगं मला आता बाजारातल्या वाटांइतकी पाठ आहेत, आणि त्याचा सगळ्यात मोठा उपयोग धंद्याला झाला नाही. तो झाला माझ्या थोरल्या भावाला.

आम्ही म्हसवडकडचे. बाप जनावरांचा हेडी, म्हणजे घेणाऱ्या-देणाऱ्याच्या मधे बसून सौदा जमवणारा, आणि जमलं तर स्वतःही व्यापार करणारा. घरची मेंढरं होती, जमीन होती ती पावसाच्या भरवशावरची. बापानं आम्हा दोघा भावांना एकच विद्या दिली, रुमालाखालची. सौदा करणाऱ्या दोघांनी उजवे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि वर रुमाल टाकायचा. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावरून भाव कळतो. भोवती गर्दी उभी असते, तिला काही दिसत नाही. तोंडानं दोघं पाऊसपाण्याचं बोलत असतात. नकार द्यायचा असला तर धरलेल्या बोटाला खालच्या खाली बारीक हिसका द्यायचा. हिसका कसला, नुसती थरथर. ती बोटाला लागली की आपलं बोट काढून घ्यायचं, मान वर करायची आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं, गडी खरंच नाही म्हणतोय की ताणतोय. दुसऱ्या बाजारांत वेगळी रीत असेल, आमच्याकडं ही होती.

लहानपणी थोरला आणि मी घोंगडीखाली हात घालून भुईमुगाच्या शेंगांचे सौदे करायचो. त्याची बोटं लांब आणि कोरडी. माझी आखूड, कायम घामेजलेली. तो हिसका द्यायचा तेव्हा वर चेहऱ्यावर काहीच दिसायचं नाही. मी दिला की माझं तोंड आधी लाल व्हायचं. आई म्हणायची, हा धाकटा कधी हेडी व्हायचा नाही.

झालो. मी सांगलीला गेलो ते एका शेळीवर. आज स्वतःच्या पिकअप गाड्या आहेत, पत्र्याची मोठी शेड आहे, जतपासून वडूजपर्यंत सगळ्या बाजारांत मला मागं सरून जागा देतात. हे कुणाच्या ओळखीवर मिळालेलं नाही, म्हणूनच म्हसवडच्या यात्रेच्या बाजारात थोरल्यानं माझ्याशी जे केलं ते मी विसरलो नाही.

बाप गेल्यावर त्याच्या आवडत्या गाईचा शेवटचा गोऱ्हा थोरल्याकडं होता. पांढराशुभ्र खिलार, शिंगं बापानं शेवटपर्यंत स्वतः कानशीनं साळलेली. तो मोठा होऊन विकायला निघाला तेव्हा मी थोरल्याला म्हणालो, मला दे. तो म्हणाला, बाजारात ये, बाजारात ठरवू. मी गेलो. गर्दी जमली, भाऊ-भाऊ सौदा करतायत म्हटल्यावर जमणारच. आमचे हात रुमालाखाली गेले. मी भाव दिला, त्यानं हिसका दिला. मी चढलो, पुन्हा हिसका. मी अजून चढलो, आणि त्यानं माझा हात सोडला, रुमाल उचलून हवेत झटकला आणि उठून उभा राहिला. आमच्या धंद्यात रुमाल झटकणं म्हणजे या माणसाशी सौदा करण्यात अर्थ नाही असं चारचौघांत सांगणं. बैल त्यानं कर्नाटकातल्या एका व्यापाऱ्याला दिला. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या उंबऱ्यात गेलो नाही. बाजारात समोर आला तर जनावराच्या पलीकडच्या बाजूनं जायचो.

मग थोरल्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. साताऱ्याच्या दवाखान्यात मी जाऊन आलो, पण तो झोपेत असताना. दारातूनच बघितलं. उजवा हात चादरीवर तसाच पडला होता, पंजा अर्धा उघडा, कुणी काही हातात द्यावं म्हणून वाट बघितल्यासारखा. मी खाली येऊन गाडीत बसलो, तर गाडी सुरू करायचंच सुचेना.

त्याची मुलगी शिरवळला एका कारखान्यात नोकरी करते. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की याला कळतंय सगळं, फक्त जीभ आणि उजवं अंग साथ देत नाही, बोलायची दुसरी वाट शोधा. थोरला सातवीपर्यंत शिकलेला, रोजचा पेपर वाचणारा. डाव्या हातानं पाटीवर लिहायला बसवलं, तर नुसत्या रेघोट्या. म्हणून पोरीनं आपल्या पगारातून त्याच्यासाठी मोठ्या पडद्याचा फोन घेतला. एका सकाळी तिचा मला फोन आला.

"तात्या, आबा एक अक्षर दाबत्यात आन् थांबत्यात. आई म्हणती, त्यास्नी आता काय उमजत न्हाई. तुमी येता का?"

मी विचारलं, मला कशाला बोलावतेस? ती म्हणाली, लग्नाकार्यात तुमचा फोन बघितलाय मी, तुम्हाला कीबोर्डमधलं सगळं येतं. आणि पुढं म्हणाली की माणसं आता आबांच्या समोरच आबांचं बोलायला लागलीत, ते तिथं नसल्यासारखं.

हे ऐकून मला काय वाटलं ते खरं सांगतो. त्याची दया आली, आणि त्याच वेळी मनात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या डोक्यात आहे. तो गप्पच राहिला तर ते उत्तर त्याच्याबरोबर जाणार, आणि मी जन्मभर त्या झटकलेल्या रुमालाकडं बघत राहणार. मी गाडी काढली.

वहिनी दारातच होत्या. "आलासा भावजी," त्या म्हणाल्या, "वाट ध्यानात हाय म्हणायची." मी वहाणा काढल्या. पडवीत बाजेवर थोरला बसवलेला, पाठीला उशा. समोर गोठा. त्याची नजर गोठ्याकडं होती. ती माझ्यावर आली, तिथंच राहिली, आणि पुन्हा गोठ्याकडं गेली. वहिनी म्हणाल्या, दिवसभर असंच गोठ्याकडं बोट करत्यात, काय पाहिजे विचारलं तर मान हलवत्यात.

पोरीनं फोन त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, आबा, लिहा. डाव्या हाताचं बोट हळूहळू खाली आलं आणि एका अक्षरावर टेकलं. बारीकसा गुरगुर आवाज झाला. बोट वर आलं, मान वर आली, आणि त्यानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा बोट खाली, पुन्हा गुरगुर, पुन्हा मान वर. तिसऱ्या वेळेला त्यानं फोन उलटा करून अंथरुणावर ठेवून दिला.

"बघा," पोरगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी बघतच होतो, पण फोनकडं नाही. मान वर करतानाचं त्याचं तोंड मी ओळखलं होतं. घोंगडीखाली, बाजारात, लग्नाच्या मांडवात गंमत म्हणून केलेल्या सौद्यांत मी ते शेकडो वेळा समोरून बघितलं होतं. नकार आल्यावर, गडी खरंच नाही म्हणतोय का, हे बघणारं तोंड.

मी फोन उचलला, एक अक्षर दाबलं. बोटाखाली तो असा थरथरला की मनगटापर्यंत गेलं. मी विचारलं, हे एवढं जोरात कुणी लावलं? पोरगी म्हणाली, मीच. डाव्या हातालाही थोडी बधिरता आहे म्हणून, बोट लागलं ते आबांना कळावं म्हणून तिनं कीबोर्डचं कंपन पार शेवटपर्यंत चढवलं होतं. दुसऱ्या कुणाच्याही बापाला ते उपयोगी पडलं असतं. तिचा बाप हेडी होता. तो एकेक अक्षर पुढं करत होता, आणि फोन त्याला प्रत्येक अक्षराला नाही म्हणत होता.

मला वाईट वाटायच्या आधी राग आला. एवढ्याशा यंत्रानं माझ्या भावाला नकार द्यावा? मी तिथंच बाजेच्या कडेला बसलो आणि सेटिंग उघडलं. आधी फोनचं सगळंच कंपन बंद केलं. मग कीबोर्ड डाव्या कडेला सरकवला, त्याचा अंगठा पोचेल असा. उंची वाढवली. त्याचं बोट एका जागी जास्त वेळ टेकत होतं, त्यामुळं भलतीच अक्षरं उघडत होती. म्हणून बोट किती वेळ टेकलं की दुसरी अक्षरं उघडावीत, तो वेळ वाढवून शेवटाला नेला. शब्द आपोआप बदलायची सोय काढून टाकली. दाबलेलं अक्षर वर मोठं होऊन दिसतं, ते मात्र राहू दिलं. सगळं होईपर्यंत तो माझ्या बोटांकडं बघत होता.

मी फोन त्याच्या मांडीवर ठेवला. "दाब," म्हणालो. "आता त्यो न्हाई म्हणायचा न्हाई."

वहिनींना आणि पोरीला मी काय बोललो ते कळलं नसेल. थोरल्यानं मात्र माझ्याकडं चमकून बघितलं. बोट खाली गेलं. अक्षर मोठं होऊन दिसलं. बोट तिथंच थांबून राहिलं, हिसक्याची वाट बघत. आला नाही. त्यानं बोट उचललं, पण मान वर केली नाही. दुसऱ्या अक्षराकडं गेला.

वेळ लागला. चहा आला आणि गार झाला. मधेच तो चुकायचा, पुसायचा आणि ओठाच्या चांगल्या कोपऱ्यातून फुस्स करायचा. शेवटी त्यानं फोन वहिनींकडं वळवला. पोरीनं वाकून मोठ्यानं वाचलं.

'म्हशीचं दावं रुततंय.'

वहिनी तशाच उठल्या आणि गोठ्यात गेल्या. म्हशीच्या मानेवरचं कातडं बाजूला करून बघितलं. दाव्याखाली चांगला वळ पडला होता, एका जागी सोललेलंही होतं. बाजेवरून ते त्याला रोज दिसत होतं आणि बोट करून तो तेच सांगत होता. वहिनींनी दावं सोडलं, हळद आणायला पोरीला हाक मारली, आणि म्हशीच्या आडोशाला बराच वेळ उभ्या राहिल्या. पडवीतून त्यांची नुसती पाठ दिसत होती. थोरल्याला कळत नाही असं त्या घरात पुन्हा कुणी म्हटलं नाही.

पोरगी हळद घेऊन गोठ्यात गेली. पडवीत आम्ही दोघंच राहिलो. पहिल्याच दिवशी विचारायला नको होतं, असं पुढं घरी बायको म्हणाली. पण मी काही तिच्यासारखा नाही. माझ्यानं थांबवत नव्हतं.

"दादा, त्या दिवशी रुमाल का झटकलास?"

त्यानं फोन मांडीवर ओढला. मग लिहायला लागला. मी गोठ्याकडं बघायचं ठरवलं होतं, पण नजर त्याच्या बोटावरच होती.

'हात कापत हुता तुजा.'

"कापंल न्हाईतर काय. मग?"

'कुठवर चढला असतास?'

याचं उत्तर माझ्याकडं होतं. तो म्हणेल तिथवर. त्या दिवशी त्यानं गाडी मागितली असती तर गाडी दिली असती, शेड मागितली असती तर शेड. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याला ते माझ्या बोटावरून कळलं होतं. तो पुन्हा लिहू लागला.

'बैल बांधाय नव्हता तुला. अण्णा बांधाय हुता.'

अण्णा म्हणजे आमचा बाप. ते वाचून मी गोठ्याकडं बघितलं. बाप शिंगं साळायचा ती कानस अजून गोठ्याच्या आढ्याला खोचलेली होती, ती मला पडवीतून दिसत होती. पण माझा स्वभाव असा की रडू येण्याच्या जागी तोंडातून भांडण येतं.

"मग तसाच द्यायचा मला. भाऊ हाय मी तुझा."

त्याच्या ओठाचा चांगला कोपरा हलला.

'फुकट तू घेतो व्हय?'

घेतला नसता. फुकट घेण्याइतका अपमान मला दुसऱ्या कशात वाटत नाही, आणि हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण म्हणून भर बाजारात माझी शोभा करायची गरज नव्हती. हात सोडून, रुमाल हळूच घडी करून, नंतर बघू म्हणता आलं असतं. मी त्याला तसं सांगितलं. कारण पटलं, झटकणं पटलं नाही, आणि आजही पटलेलं नाही. लोकांनी मला पुढं किती दिवस विचारलं, काय हो, सख्ख्या भावानं झटकला? ते दिवस कोण भरून देणार? माझा आवाज चढला असावा, कारण गोठ्यातून वहिनींनी मान काढून बघितलं.

"बाजारात झटकलास," मी म्हणालो, "बाजारातच परत धरायचा."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मांडीशेजारी पडला होता. मग डाव्यानं लिहिलं, 'उजवा चालत न्हाई.'

"डावा हाय की."

डाव्या हाताला बापानं काही शिकवलं नव्हतं. आमच्या घरात डाव्या हाताचं काम जनावराचं दावं धरायचं, बोलायचं काम उजव्याचं. मग उन्हाळाभर, पावसाळाभर, म्हसवडकडं जाणं झालं की मी थोरल्याकडं थांबायचो. आधी कीबोर्ड बघायचो. बोट सरावलं तसा टेकायचा वेळ कमी करत गेलो, अक्षरं थोडी लहान केली. पोरीनं हौसेनं त्याच्यासाठी वाक्यं जोडून ठेवली होती, एक अक्षर टाकलं की 'चहा पाहिजे', दुसरं टाकलं की 'बाहेर न्या'. त्यानं ती सगळी काढून टाकायला लावली. दुसऱ्यानं तयार केलेलं वाक्य त्याला नको होतं. वेळ लागला तरी चालेल, आपलं आपण लिहिणार.

त्यानंतर आम्ही मांडीवर रुमाल टाकायचो आणि भुईमुगाच्या शेंगा ठेवायचो. त्याचा डावा, माझाही डावा. सुरुवातीला त्याची पकड कुठल्या बोटाची आहे तेच मला कळायचं नाही. तो तीन धरायचा, मला दोन लागायची. मी वैतागायचो. तो फोन ओढून लिहायचा, 'तुजाबी डावा येडाच हाय.' पोरगी सुट्टीला आली की आमच्याकडं बघून हसायची, मग तीही हात घालून बघायची. तिची बोटं तिच्या बापासारखी लांब आहेत.

यात्रेच्या बाजाराला मी त्याला पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवून नेलं. वहिनींनी त्याला नवा फेटा बांधला होता. गाडी बाजाराच्या कडेला लावली आणि त्याला गाडीतून आणलेल्या बाजेवर बसवलं. त्याच्यापुढं त्याच्याच घरची एक करडी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, आणून बांधली. बैलासारखं काही मोठं नको होतं, सौदा खरा पाहिजे होता. जुनी माणसं ओळखून जवळ आली. त्यांतले काही त्या दिवशीही गर्दीत होते. कुणी काही विचारलं नाही, पण जमले सगळे.

मी समोर बसलो आणि डावा हात पुढं केला. गर्दीत कुजबुज झाली, डाव्यानं सौदा कुणी बघितलेला नव्हता. वर रुमाल टाकला. त्यानं भाव सांगितला. बोटं कोरडी, पकड हलकी, पण खूण स्वच्छ. मी हिसका दिला. त्यानं बोट काढलं, मान वर केली आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. तेच तोंड, आता अर्धं उतरलेलं, डोळे मात्र पूर्वीचेच. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा जमलं असेल. मग त्यानं उतरून सांगितलं, मी चढून सांगितलं, असं बराच वेळ चाललं. तोंडानं बोलायला एकटा मीच होतो. पावसाचं बोललो, वैरणीचं बोललो, तो मान हलवत होता. शेवटी त्याच्या बोटांनी माझी बोटं धरली आणि सोडली नाहीत.

सौदा झाला. रुमालाची एक कड त्यानं धरली, दुसरी मी, आणि दोघांनी मिळून त्याची घडी केली. कितीला ठरलं ते मी तिथं सांगितलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मागं हौद्यात पाठ ओरडत होती. थोरला शेजारी बसला होता, मांडीवरच्या फोनवर डावा अंगठा हळूहळू चालवत. मी विचारलं काय लिहितोस, तर त्यानं पडदा झाकला. थोड्या वेळानं माझ्या खिशातला फोन थरथरला. चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवून मी तो काढून बघितला.

'लय दिलास.'

मी त्याच्याकडं बघितलं. तो समोर रस्त्याकडं बघत होता, गंभीर तोंड करून. मी 'पर' एवढं उमटवलं, वर आलेल्या 'परवडत असलं तर बोला, न्हाईतर राम राम'ला बोट लावलं आणि पाठवून दिलं. त्याच्या मांडीवरचा फोन उजळला, थरथरला नाही. त्यानं वाचलं, आणि लगेच अंगठा अक्षरांवर ठेवला.